बॅटमॅन आणि डेअरडेव्हिल: एकाच अंधारात दोघांना जागा आहे का?

मुखवटा चढवून कायदा स्वतःच्या हाती घेणारा, रात्रीच्या अंधारात वावरणारा नायक पडद्यावर आला, की त्याच्याबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा बॅटमॅनहून वेगळा कसा? मार्व्हलच्या डेअरडेव्हिलच्या वाट्याला हा प्रश्न वारंवार आला आहे आणि तो अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही. दोघांचेही पितृछत्र लहानपणी गुन्हेगारांनी हिरावून घेतले. दोघेही रात्री छपरांवरून शहरावर पाळत ठेवतात, दोघांच्याही मुखवट्याला वर टोके आहेत आणि जीव घ्यायचा नाही असे बंधन दोघांनीही स्वतःवर घालून घेतले आहे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असे आपण म्हणतो, आणि चित्रपट कंपन्या व त्यांचे समीक्षकही बहुधा याच समजुतीने चालतात. एकाचा चित्रपट गाजला की दुसऱ्याला नक्कल ठरवायचे, आणि दुसरा पडला की पहिल्याने बाजारपेठ व्यापल्यामुळे तो पडला असे कारण द्यायचे.

मला हे कारण पटत नाही. २००३ चा ‘डेअरडेव्हिल’ हा चित्रपट, २०१५ ते २०१८ या काळात नेटफ्लिक्सवर आलेली त्याच नावाची मालिका आणि २०२२ चा मॅट रीव्ह्ज यांचा ‘द बॅटमॅन’ या तिन्ही कलाकृती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर यांतला एकच प्रयत्न फसलेला दिसतो, आणि तो बॅटमॅनच्या स्पर्धेमुळे फसलेला नाही. त्याने बॅटमॅनचा अंधार उसना आणला म्हणून तो फसला. बाकीचे दोन एकमेकांच्या अगदी जवळ उभे असूनही एकमेकांची वाट अडवत नाहीत, कारण आपला नायक रात्री बाहेर का पडतो याचे उत्तर दोघांकडेही स्वतःचे आहे.

या दोघांमधले साम्य योगायोगाचे नाही, हे आधी सांगायला हवे. डेअरडेव्हिल १९६४ साली स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांनी निर्माण केला तेव्हा तो बराचसा हसतमुख, कसरती करणारा नायक होता. त्याला आजचा काळोखा चेहरा दिला तो फ्रँक मिलर यांनी. १९७९ पासून ते या मालिकेची चित्रे काढू लागले आणि १९८१ पासून लिहूही लागले. किंगपिन हा मूळचा स्पायडरमॅनचा शत्रू त्यांनी डेअरडेव्हिलसमोर उभा केला आणि इलेक्ट्रा ही डेअरडेव्हिलची प्रेयसी प्रथमच निर्माण केली. पुढे १९८६ मध्ये याच मिलर यांनी ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ लिहून बॅटमॅनचा कायापालट केला. त्याच वर्षी चित्रकार डेव्हिड मॅझुकेली यांच्यासोबत त्यांनी डेअरडेव्हिलची ‘बॉर्न अगेन’ ही कथा केली आणि १९८७ मध्ये त्याच मॅझुकेली यांच्यासोबत बॅटमॅनची ‘इयर वन’. म्हणजे आज पडद्यावर दिसणाऱ्या दोन्ही नायकांची सर्वांत महत्त्वाची कथा एकाच लेखकाने आणि एकाच चित्रकाराने, सुमारे वर्षभराच्या अंतराने घडवली आहे. कागदावर या दोन कथा पहिल्यापासून गुण्यागोविंदाने नांदत आल्या. ‘बॉर्न अगेन’मध्ये एका माणसाचे घर, नोकरी, नाव आणि मनःशांती एकेक करून काढून घेतली जाते आणि त्यातून तो पुन्हा उभा राहतो. ‘इयर वन’मध्ये सडलेल्या शहरात दोन माणसे, एक पोलीस अधिकारी आणि एक श्रीमंत वारस, आपापल्या परीने पहिले पाऊल टाकतात. शैली सारखी असूनही एक दुसऱ्याची प्रत आहे असे कोणत्याही वाचकाला वाटलेले नाही. घोळ सुरू झाला तो चित्रपटांत.

मार्क स्टीव्हन जॉन्सन यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘डेअरडेव्हिल’ १४ फेब्रुवारी २००३ रोजी प्रदर्शित झाला. बेन ॲफ्लेक मॅट मर्डॉक (म्हणजे दिवसा वकिली करणारा अंध डेअरडेव्हिल), जेनिफर गार्नर इलेक्ट्रा, मायकल क्लार्क डंकन किंगपिन आणि कॉलिन फॅरेल बुल्सआय अशी पात्रयोजना होती, आणि तिच्यात फारसे खोट काढण्यासारखे नाही. दोष आहे तो रचनेत. मूळ कथेत मॅटच्या मुष्टियोद्धा वडिलांना एक सामान्य सट्टेबाज टोळी मारते. चित्रपटात मात्र त्यांना खुद्द किंगपिनच मारतो. नायकाच्या वडिलांचा खुनी आणि कथेचा मुख्य खलनायक एकच, ही क्लृप्ती १९८९ च्या टिम बर्टन यांच्या ‘बॅटमॅन’मधली आहे, तिथे ब्रूस वेनच्या, म्हणजे बॅटमॅनच्या, आईवडिलांना पुढे जोकर होणाऱ्या माणसाने मारलेले असते. तिथे ती शोभते, कारण बॅटमॅन आणि जोकर यांनी एकमेकांना घडवले हेच त्या चित्रपटाचे सूत्र आहे. डेअरडेव्हिलच्या बाबतीत त्यामुळे उलट नुकसान होते. किंगपिन हा वैयक्तिक शत्रू नसून आख्खी व्यवस्था विकत घेऊ शकणारा माणूस आहे, आणि एका वकिलाला अशा माणसाची वाटणारी भीती पित्याच्या सुडापेक्षा कितीतरी मोठी असते. ती भीती या चित्रपटात उरत नाही.

चर्चचेही तसेच झाले आहे. मर्डॉक कॅथलिक आहे, पापाची कबुली आणि प्रायश्चित्त यांच्याशी त्याचे नाते खोल आहे, त्यामुळे चर्चवर त्याचा हक्क बॅटमॅनपेक्षा अधिक आहे. असे असताना २००३ च्या चित्रपटात चर्च येते ते मुख्यतः उंच, काळोखी, दगडी वास्तू म्हणून. सुरुवातीला नायक तिच्या शिखरावरच्या क्रुसाला बिलगलेला दिसतो आणि शेवटाकडे बुल्सआयशी झुंज तिथेच, ऑर्गनच्या नळ्यांवर होते. १९८९ च्या ‘बॅटमॅन’चा शेवटही एका कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर झाला होता. ज्या जागेत नायकाने गुडघे टेकायचे, ती इथे उड्या मारण्यासाठी वापरली गेली आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप क्वेसाडाच्या प्रसंगाला. बलात्काराच्या आरोपातून सुटलेल्या या माणसाविरुद्ध मर्डॉक दिवसा न्यायालयात उभा असतो. खटला हरतो. रात्री तो लाल पोशाख चढवून त्याला गाठतो आणि भुयारी रेल्वेच्या रुळांवर, धडधडत येणाऱ्या गाडीखाली मरू देतो. वकिलाने हे करावे आणि कथेने त्याचा जाब पुरेशा गांभीर्याने विचारू नये, हे मला मान्य होत नाही. पुढे एका लहान मुलासमोर त्याच्या वडिलांना मारताना डेअरडेव्हिल थबकतो आणि ‘मी वाईट नाही’ असे त्या मुलाला सांगतो, तेव्हा चित्रपटाला प्रश्न समजलेला आहे असे वाटते. पण त्या प्रश्नाला थारा मिळण्याआधीच पुढची मारामारी सुरू होते.

असे असले तरी या चित्रपटातली एक कल्पना पुढच्या कोणत्याही आवृत्तीला सुचलेली नाही, आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. मर्डॉकला डोळ्यांनी दिसत नाही. ध्वनीच्या परावर्तनातून त्याला जगाचा आकार कळतो. गच्चीवर पाऊस सुरू होतो, प्रत्येक थेंब आदळल्याचा आवाज वेगळा उमटतो आणि त्या आवाजांतून त्याला इलेक्ट्राचा चेहरा प्रथमच ‘दिसतो’. हा क्षण बॅटमॅनच्या कोणत्याही चित्रपटात ठेवता येणार नाही. बाकीचा चित्रपट याच दिशेने गेला असता तर तुलना करण्याची वेळच आली नसती.

२००४ मध्ये घरगुती प्रदर्शनासाठी निघालेली दिग्दर्शकीय आवृत्ती सुमारे अर्ध्या तासाने मोठी आहे आणि ती चित्रपटगृहातल्या आवृत्तीपेक्षा निःसंशय उजवी आहे. तिच्यात खुनाचा आरोप असलेल्या एका माणसाचा खटला परत येतो; ती भूमिका रॅप गायक कूलिओ यांनी केली आहे. मर्डॉक आणि त्याचा भागीदार फॉगी नेल्सन त्याचे वकीलपत्र घेतात आणि त्या तपासाचा धागा किंगपिनपर्यंत पोहोचतो. एवढ्या एका उपकथेने नायकाला त्याचा व्यवसाय परत मिळतो आणि चित्रपट एकदम अंगावर भरतो. स्टुडिओने कात्री लावताना नेमके तेच काढून टाकले होते जे बॅटमॅनकडे नाही.

इथे थोडे मागे जाणे गरजेचे आहे, कारण पडद्यावर आधी कोण आला यावरून मूळ कोण आणि नक्कल कोण हे ठरवण्याची आपली सवय फार अन्यायकारक आहे. वॉल्टर गिब्सन यांनी १९३१ पासून मासिकांत रंगवलेला ‘द शॅडो’ हा बॅटमॅनचा पूर्वज आहे. मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मधली बॅटमॅनची पहिलीच कथा शॅडोच्या एका जुन्या कथेवर बेतलेली होती, आणि लेखक बिल फिंगर यांनी ते पुढे मान्यही केले. तरीसुद्धा १९९४ मध्ये ॲलेक बाल्डविन यांचा ‘द शॅडो’ पडद्यावर आला तेव्हा लोकांना तो बर्टन यांच्या बॅटमॅनचा धाकटा भाऊ वाटला आणि तिकीट खिडकीवर त्याचे काही चालले नाही. इंद्रजाल कॉमिक्समुळे मराठी वाचकांच्या घराघरांत पोहोचलेला वेताळही १९३६ चा, म्हणजे बॅटमॅनपेक्षा तीन वर्षांनी मोठा. त्याच्यावरचा १९९६ चा ‘द फँटम’ही चालला नाही. मात्र या दोन्ही अपयशांचे खापर बॅटमॅनवर फोडण्याआधी १९९४ मध्येच ‘द क्रो’ यशस्वी झाला होता याचाही विचार करायला हवा. काळे कपडे, पाऊस, सूड, पडकी इमारत हे सगळे साहित्य त्याच्याकडेही तेच होते. पण त्याचा शोक त्याचा स्वतःचा होता आणि ते प्रेक्षकांना जाणवले.

नेटफ्लिक्सच्या मालिकेकडे येऊ. ड्रू गोडार्ड यांनी तिची उभारणी केली, पहिल्या पर्वाची धुरा स्टीव्हन डीनाइट यांनी वाहिली आणि १० एप्रिल २०१५ रोजी तेराही भाग एकदम उपलब्ध झाले. चार्ली कॉक्स यांचा मॅट मर्डॉक पहिल्या पर्वात जवळजवळ शेवटपर्यंत साध्या काळ्या कपड्यांत आणि डोळ्यांवरून बांधलेल्या काळ्या फडक्यात वावरतो; लाल पोशाख त्याला शेवटच्या भागात मिळतो. ही निवड फार विचारपूर्वक केलेली आहे. पोशाख नसल्यामुळे प्रत्येक वार त्याच्या अंगावर उमटतो आणि दुसऱ्या दिवशी न्यायालयात जाताना तो सुजलेला चेहरा आणि फुटलेला ओठ त्याला लपवावा लागतो. त्याचे दोन आयुष्यांचे गणित पोशाखावर नव्हे, जखमांवर बेतलेले आहे.

दुसऱ्या भागाच्या शेवटी येणाऱ्या बोळातल्या मारामारीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, तरीही ती पुन्हा नीट पाहण्यासारखी आहे. अरुंद बोळ, आजारी पिवळसर उजेड, दोन्ही बाजूंना खोल्या आणि शेवटच्या खोलीत पळवून आणलेला एक लहान मुलगा. कॅमेरा बोळ सोडत नाही. मर्डॉक एका दारातून आत शिरतो, आतले आवाज फक्त ऐकू येतात, मग एखादा गुंड दारातून बाहेर फेकला जातो. हे सगळे एकाच अखंड दृश्यासारखे घडते. पण खरी गोष्ट आहे ती दमण्याची. दोन वारांच्या मध्ये मर्डॉक भिंतीला टेकतो, धापा टाकतो, त्याचा तोल जातो, आणि खाली पडलेले गुंडही पुन्हा उठताना तितकेच थकलेले असतात. हा माणूस आधीच जखमी आहे हे आपण तासभर पाहिलेले असते. शेवटी तो मुलाला कडेवर घेऊन त्याच बोळातून बाहेर येतो, आणि इतका वेळ चाललेल्या हाणामारीपेक्षा ते चालणे अधिक परिणाम करते.

आता ‘द बॅटमॅन’मधला बोळ पाहा. इमारतीची वीज गेलेली आहे, अंधार मिट्ट आहे आणि प्रकाश येतो तो फक्त गुंडांच्या बंदुकांच्या तोंडातून. प्रत्येक गोळीबरोबर क्षणभर उजेड पडतो आणि त्या उजेडात दिसते की काळी आकृती आणखी एक पाऊल पुढे आली आहे. गोळ्या चिलखतावर आदळून पडतात, तो थांबत नाही, दमत नाही. छायाचित्रकार ग्रेग फ्रेझर यांनी हे दृश्य ज्या नेमकेपणाने टिपले आहे त्याला तोड नाही. इथे बॅटमॅनला आपण आतून पाहतच नाही. समोरून गोळ्या झाडणाऱ्यांच्या डोळ्यांनी पाहतो. बोळ तसाच, संख्येने जास्त शत्रू तसेच, एकटा नायक तसाच. पण एका दृश्यात आपल्याला नायकाच्या शरीराची काळजी वाटते आणि दुसऱ्यात त्याची धास्ती वाटते. दोन नायक इतके जवळ असूनही वेगळे का, याचे उत्तर या दोन दृश्यांत जितके स्वच्छ मिळते तितके मला दुसरीकडे कुठेच मिळालेले नाही.

रीव्ह्ज यांचा चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी आला. १७६ मिनिटांच्या या चित्रपटात रॉबर्ट पॅटिन्सन यांचा ब्रूस वेन या कामाच्या दुसऱ्याच वर्षात आहे आणि भीती हेच आपले हत्यार आहे असे तो मानतो. सुरुवातीच्या रेल्वे फलाटावरच्या प्रसंगात तोंडे रंगवलेल्या टोळीपासून तो एका माणसाला वाचवतो, आणि वाचलेला माणूस त्याच्याकडे पाहून मला मारू नकोस अशी गयावया करतो. चित्रपटाचा सगळा प्रश्न त्या गयावयेत आहे. त्याच प्रसंगात बॅटमॅन स्वतःला ‘सूड’ म्हणवून घेतो. कितीतरी वेळाने, शहर पाण्याखाली जात असताना, खलनायक रिडलरचा एक अनुयायी तोच शब्द स्वतःसाठी वापरतो, आणि आपण या शहरात नेमके काय पेरले हे ब्रूसला तेव्हा उमगते. त्यानंतर तो हाती लाल मशाल घेऊन कंबरभर पाण्यात उतरतो आणि अडकलेल्या माणसांना वाट दाखवतो. जखमी बाईला स्ट्रेचरवर ठेवताना ती त्याचा हात सोडत नाही. भीतीपासून आधारापर्यंतचा हा प्रवास त्या एका हाताच्या पकडीत दाखवला गेला आहे, तोही संवादाशिवाय, आणि मायकल जियाकिनो यांचे चार सुरांचे गंभीर सूत्र त्या वेळी अगदी वेगळे ऐकू येते.

कायद्याशी असलेले नाते हा या दोघांमधला मुख्य फरक आहे. बॅटमॅनच्या गॉथम शहरात महापौर, पोलीस आयुक्त आणि सरकारी वकील हे तिघेही एकाच माफियाच्या खिशात आहेत. तिथे गॉर्डनसारखा एखादा प्रामाणिक पोलीस अधिकारी सोडला तर कायद्याकडे जाण्यात अर्थच उरलेला नाही, आणि म्हणून मुखवटा हा तिथे एकमेव मार्ग ठरतो. मर्डॉकची गोष्ट याहून अवघड आहे. तो स्वतः कायद्याचा माणूस आहे, न्यायालयावर त्याचा विश्वास आहे, आणि रात्री तो जे करतो त्यामुळे दिवसाचे त्याचे काम आतून पोखरले जाते. पहिल्या पर्वाच्या तिसऱ्या भागात एका ज्यूरी सदस्याच्या हृदयाचे ठोके ऐकून तिला कुणीतरी धमकावले आहे हे त्याला कळते. वकील म्हणून हे ज्ञान त्याला वापरता येत नाही, कारण ते मिळवण्याचा मार्ग सांगता येत नाही. मग तो मुखवटा चढवून बाहेर पडतो. पुढे फॉगीला सत्य कळते तेव्हा जवळजवळ पूर्ण भाग त्या दोघांच्या भांडणाला दिलेला आहे, आणि एल्डन हेन्सन यांनी त्यात दाखवलेले दुखावलेपण हे या मालिकेतले सर्वांत मोलाचे काम आहे असे मला वाटते. ब्रूस वेनवर असे रागावू शकेल असा त्याच्या व्यवसायातला सहकारीच नाही. घरचा कारभारी आल्फ्रेड याचे नाते घरचे आहे, वकिली शपथेचे नाही.

इंद्रियांचा फरकही तितकाच खोल आहे. ‘द बॅटमॅन’ हा पाहण्याचा चित्रपट आहे. त्याची सुरुवात दुर्बिणीतून एका घरावर ठेवलेल्या पाळतीने होते, पुढे ब्रूस स्वतः तशाच दुर्बिणीतून सेलिनाला (कॅटवुमनला) न्याहाळतो, आणि डोळ्यांतल्या लेन्समध्ये तो कॅमेरा बसवतो. पाळत ठेवणारा गुन्हेगार आणि पाळत ठेवणारा नायक यांच्यात अंतर किती, हा प्रश्न कुणीही बोलून न दाखवता आपल्यासमोर उभा राहतो. मालिका ऐकण्याची आहे. खोटे बोलणाऱ्याचा श्वास, भिंतीपलीकडची कुजबुज, दूरवरच्या रस्त्यावरची किंकाळी हे तिचे साहित्य आहे, आणि म्हणून कबुलीजबाबाची खोली तिला इतकी शोभते. पहिल्या भागात मर्डॉक फादर लँटमना सांगतो की केलेल्या पापांसाठी मी आलेलो नाही, जे करायला निघालो आहे त्यासाठी क्षमा मागायला आलो आहे. २००३ च्या चित्रपटातल्या साऱ्या चर्चमय दृश्यांपेक्षा हा एक संवाद अधिक कॅथलिक आहे.

शहरांबद्दल थोडक्यात. डेअरडेव्हिलचे हेल्स किचन हा न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनचा पश्चिमेकडचा खराखुरा भाग आहे, आणि घरे रिकामी करवून जमिनी बळकावण्याचा फिस्कचा (किंगपिनचे खरे नाव) उद्योग त्या खरेपणावर उभा आहे. भाडेकरूंना हुसकावण्याचे प्रकार मुंबईच्या गिरणगावात आणि जुन्या चाळींत ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या मालिकेतले वृद्ध भाडेकरूंचे प्रसंग परके वाटणार नाहीत. गॉथम मात्र कल्पित आहे. रीव्ह्ज यांनी ते लिव्हरपूल, ग्लासगो, लंडन आणि शिकागो यांच्या तुकड्यांतून जोडले, त्यामुळे ते ओळखीचे वाटते पण कुठले ते सांगता येत नाही.

खलनायकांत मात्र मालिका स्पष्टपणे पुढे आहे. व्हिन्सेंट डिऑनोफ्रिओ यांचा विल्सन फिस्क प्रथम दिसतो तो एका कोऱ्या पांढऱ्या चित्रासमोर उभा राहून, आणि तो पांढरा रंग त्याच्या बालपणातल्या कोणत्या भिंतीचा आहे हे कळायला आपल्याला अनेक भाग वाट पाहावी लागते. आपण शहराचे भले करत आहोत असे तो मनापासून मानतो. पहिल्या पर्वाच्या शेवटी बायबलमधल्या दयाळू शोमरोनीची गोष्ट सांगता सांगता आपण त्या गोष्टीतले कोण आहोत याचा त्याला साक्षात्कार होतो, तो प्रसंग अंगावर काटा आणतो. पॉल डानो यांचा रिडलर प्रभावी आहे, विशेषतः आपण आणि बॅटमॅन जोडीदार आहोत असे तो समजतो तो अर्कहॅम या मनोरुग्ण गुन्हेगारांच्या कोठडीतला प्रसंग. पण त्याला फिस्कइतका वेळ मिळत नाही, आणि मिळणे शक्यही नव्हते.

उणिवा दोन्हीकडे आहेत. मालिकेच्या प्रत्येक पर्वाला तेरा भाग जास्त होतात. दुसऱ्या पर्वाचे सुरुवातीचे भाग गुन्हेगारांना सरळ ठार मारणाऱ्या पनिशरमुळे उंचीवर जातात. छपरावर डेअरडेव्हिलला साखळीने बांधून, त्याच्या हाताला पिस्तूल चिकटवून, जीव घेण्याच्या प्रश्नावर त्याच्याशी वाद घालणारे जॉन बर्नथाल विसरता येत नाहीत. नंतर मात्र ‘द हँड’ या निन्जा पंथाची कथा सुरू होते आणि सारे रस्त्यावरचे वास्तव हातातून निसटते. ‘द बॅटमॅन’चा शेवटचा अर्धा तास मला आवश्यक वाटतो, पण त्याआधीचा माफिया फाल्कनीचा गुंता अधिक घट्ट बांधता आला असता, आणि ब्रूस वेन दिवसा कसा जगतो याबद्दल चित्रपट फारच थोडे सांगतो.

बाजाराच्या दृष्टीने पाहिले तर या दोन नायकांनी एकमेकांचे नुकसान केल्याचा पुरावा मला दिसत नाही. २०१५ मध्ये मालिका आली तेव्हा ख्रिस्तोफर नोलन यांच्या बॅटमॅन चित्रत्रयीचा प्रभाव अजून ताजा होता, तरीही तिला प्रेक्षक मिळाले. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये नेटफ्लिक्सने ती बंद केली, तेव्हा पडद्यावर बॅटमॅनची लाट नव्हती. २०२२ च्या मार्चमध्ये तर मजेशीर योग जुळून आला: महिन्याच्या सुरुवातीला ‘द बॅटमॅन’ चित्रपटगृहांत आला, त्याच महिन्यात ‘डेअरडेव्हिल’चे जुने भाग डिस्नेच्या सेवेवर दाखल झाले आणि महिनाअखेरीस मार्व्हलचा आणखी एक रात्रीचा नायक ‘मून नाइट’ मालिकेतून सुरू झाला. ‘द बॅटमॅन’ने जगभरात ७७ कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली. नट तर केव्हाच हद्द ओलांडून गेलेले आहेत. २००३ चा डेअरडेव्हिल झालेले ॲफ्लेक २०१६ मध्ये बॅटमॅन झाले, आणि तेव्हाचे बुल्सआय कॉलिन फॅरेल रीव्ह्ज यांच्या गॉथममध्ये ओळखू न येणारे पेंग्विन झाले, इतके की २०२४ मध्ये त्यांच्यावर बॅटमॅनशिवायची आठ भागांची स्वतंत्र मालिका उभी राहिली आणि ती उत्तम वठली.

२०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या ‘डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन’बद्दल माझे मत संमिश्र आहे. निर्मिती अर्ध्यावर असताना लेखनाची सूत्रे बदलली गेली आणि त्याचे टाके दिसतात. काही भाग दुसऱ्याच मालिकेतून आल्यासारखे वाटतात. पण हेक्टर अयाला याचा खटला मात्र या पात्राच्या गाभ्याला हात घालतो. मुखवटा घालणाऱ्या या माणसाला वाचवण्यासाठी मर्डॉक भर न्यायालयात त्याची ओळख उघड करतो, खटला जिंकतो, आणि त्या विजयाची किंमत अयालाला लगेच मोजावी लागते. बॅटमॅनच्या कथेत हा प्रसंग घडूच शकत नाही, कारण त्याच्याकडे न्यायालयच नाही.

पाहण्याबाबत काही व्यावहारिक सूचना. ‘द बॅटमॅन’ मोबाइलवर किंवा दिवसा उजेडाच्या खोलीत पाहू नये. त्यातल्या काळ्या रंगाच्या छटा तिथे एकमेकींत मिसळून जातात आणि बोळातले दृश्य तर निव्वळ लुकलुकाट वाटते. खोली अंधारी करून, मोठ्या पडद्यावर, एका बैठकीत पाहावा. मालिका हेडफोन लावून पाहिली तर तिच्या ध्वनिरचनेचे काम कळते. पहिले आणि तिसरे पर्व पूर्ण पाहावे, दुसऱ्यातले पहिले चार भाग पुरेत. २००३ चा चित्रपट पाहायचाच असेल तर चित्रपटगृहातली आवृत्ती सोडून दिग्दर्शकीय आवृत्ती शोधावी, आणि ती मालिकेच्या आधी पाहावी. मालिकेनंतर ती पाहणाऱ्याला पावसाच्या त्या एका दृश्यापर्यंत धीर धरवणार नाही.